धावणाऱ्या पोरींचं ताट

'बाई आणि मैदान' हे यंदाच्या अंकाचं सूत्र संपादकांनी कळवलं, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती मोठी नावं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावातून निघून २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातून येऊन २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. पण त्यांच्याकडे बघून बूट घालणाऱ्या, पदकापेक्षा पोलीस भरतीवर डोळा ठेवून धावणाऱ्या गावोगावच्या पोरींबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीच्या ग्राउंडवर गेले. विचारायचं होतं धावण्याबद्दल. विषय निघाला वेगळाच, आणि तोच लिहायला हवा असं वाटत गेलं.

ग्राउंड म्हणजे कारखान्याच्या रस्त्यालगतचं माळरान. फक्कीने आखलेला गोल, एका कडेला गोळाफेकीसाठी उकरलेली भुसभुशीत माती. पहाटे साडेपाचलाच पोरी हजर होत्या. कुणी वस्तीवरून स्कूटीवर तिघी बसून आलेली, कुणी चालत. शिट्टी झाली की आठशे मीटर. मग थोडा दम खायचा आणि पुन्हा आठशे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक असते, आणि या तीन गोष्टींवर पन्नास गुण ठरतात. एकेका सेकंदावर नोकरी अडते, हे प्रत्येकीला पाठ असतं. सर स्टॉपवॉच बघून टायमिंग ओरडून सांगतात आणि पोरगी धापा टाकत ते वहीत लिहिते.

'पाळीच्या दिवसांत कसं जमवता?' असं मी घोळक्याला सहज विचारलं. पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. एक जण शेजारणीला कोपराने ढोसत म्हणाली, "हिला नाही ओ टेन्शन. हिची बंदच झालीय."

ती एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आठशे मीटरला अख्ख्या बॅचमध्ये तिचं टायमिंग सगळ्यांत चांगलं. गेल्या दिवाळीच्या आधी पाळी आली होती, त्यानंतर नाही. मी गेले तेव्हा आषाढ सुरू होता. "बरंच हाय की ताई," ती म्हणाली, "पॅड नको, दुखणं नको. बॉडी बनली की असं होतंय म्हणत्यात." कोण म्हणतं? "सगळ्याच म्हणत्यात." घरी सांगितलं का, तर नाही. आईला वाटतं, वेळेवर येते. का सांगितलं नाही, याचं उत्तर तिने खाली बघत दिलं. "सांगितलं तर आधी दुसराच संशय घेतील. मग ग्राउंड बंद."

त्या दोन वाक्यांत अख्खी गोष्ट आहे. पोरगी धावते आहे, टायमिंग सुधारतं आहे, वजन उतरतं आहे, पाळी थांबली आहे, आणि हे कुणाला सांगायचं तर भीती वाटते. जे सांगितलंच जात नाही त्यावर उपाय कुठून होणार?

शरीर काटकसर कशी करतं

पाळीचा कारभार चालतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. साधारण तास-दीड तासाने तो जीएनआरएच या संप्रेरकाचा एक झोत सोडतो. त्या झोताने पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि एलएच व एफएसएच ही आणखी दोन संप्रेरकं रक्तात सोडते. त्यांच्यामुळे बीजकोशात बीज पिकतं, इस्ट्रोजेन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि गर्भ राहिला नाही की ते पाळीच्या रूपाने बाहेर पडतं. ही सगळी साखळी पहिल्या झोताच्या ठेक्यावर चालते. ठेका मंदावला की बीज पिकत नाही आणि पाळी येत नाही. गर्भाशय धडधाकट असतं, बीजकोशही धडधाकट असतात. वरून हुकूमच येत नाही.

हुकूम का थांबतो? हायपोथॅलॅमसला शरीरात किती अन्न येतं आणि किती खर्च होतं याची सतत खबर लागत असते. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन, इन्सुलिन, थायरॉइडची संप्रेरकं, ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल, सगळ्यांकडून निरोप येतात. माणदेशात दुष्काळ पडला की घर काय करतं? चूल विझू देत नाही, जनावरांच्या वैरणीची कशीबशी सोय लावतं, पण लेकीचं लग्न पुढच्या सालावर ढकलतं. शरीरही तेच करतं. हृदय चालू ठेवावं लागतं, फुप्फुसं चालू ठेवावी लागतात. गर्भारपणाची तयारी मात्र लांबवता येते, म्हणून पहिली कात्री तिथे लागते.

हे शरीराचं जुनं शहाणपण आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीला, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. तिथल्या असंख्य बायकांची पाळी थांबली आणि काही महिन्यांनी जन्मांचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. त्या बायकांना कुणी 'बॉडी बनली' असं म्हटलं नसतं. त्या उपाशी होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. ग्राउंडवरच्या पोरीची उपासमार दिसत नाही, कारण ती दोन्ही वेळा जेवते, हसते, धावते आणि पहिली येते.

डॉक्टर या स्थितीला 'फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया' म्हणतात. अवयवात कुठे बिघाड नाही, पण मेंदूने पाळी थांबवून ठेवली आहे, असा त्याचा अर्थ. तीन कारणं एकटी किंवा मिळून हे घडवतात: खाणं कमी पडणं, व्यायाम फार होणं आणि मनावर ताण असणं. भरतीच्या पोरीकडे तिन्ही असतात.

एका दिवसाचं ताट

त्या मुलीबरोबर मी एक अख्खा दिवस घालवला. ती काय खाते ते लिहून घेतलं. पहाटे अर्धा कप चहा आणि दोन-तीन बिस्किटं. धावून आल्यावर एक डिश पोहे. मग कॉलेज. दुपारी दीड भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. संध्याकाळी पुन्हा चहा, पुन्हा ग्राउंड, गोळाफेक, उठाबशा, जोर. रात्री भात-आमटी आणि अर्धी पोळी. दूध घरात आहे, पण ते डेअरीला जातं. अंडी आठवड्यातून एकदा, भावाला दोन, तिला एक. गुरुवारचा उपास असतो, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि केळं. उपासाच्या दिवशीही धावणं चुकत नाही.

पुण्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंसमोर मी ही यादी ठेवली. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. एकूण खाणं साधारण १३५० कॅलरी. मुलीचं वजन ४४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय १७.६. साडेअठराच्या खाली वजन कमी समजतात. दोन्ही वेळच्या ग्राउंडवर खर्च होतात साधारण ४५० कॅलरी. उरल्या ९००. शरीरातली चरबी वगळून उरलेलं वजन, म्हणजे हाडं, स्नायू, रक्त, अवयव, धरू ३७ किलो. ९०० भागिले ३७. दर किलोमागे दिवसाला २४ कॅलरी.

या आकड्याचं महत्त्व कळायला अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या ॲन लाउक्स यांचं काम माहीत असावं लागतं. पाळी नियमित असणाऱ्या तरुण मुलींना त्यांनी व्यायाम ठरवून दिला आणि खाणं मोजूनमापून दिलं. व्यायामाचा खर्च वजा केल्यावर शरीराला दर किलोमागे ४५ कॅलरी उरत होत्या, तोवर एलएचच्या झोतांचा ठेका नीट होता. ३०च्या खाली गेल्यावर तो बिघडू लागला, तोही अवघ्या पाच दिवसांत. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्या संशोधनाने दाखवलं की तीसची रेघ सगळ्यांना सारखी लागू होत नाही, कुणाचं शरीर आधी कुरकुरतं, कुणाचं उशिरा. पण दिशा तीच राहिली. माझ्या समोरच्या कागदावरचा आकडा होता २४, आणि तो पाच दिवसांचा नव्हता, महिनोन्‌महिन्यांचा होता.

आपल्याकडची परिस्थिती याला आणखी धार लावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता आणि सुमारे १९ टक्के बायकांचं वजन कमी होतं. म्हणजे कित्येक पोरी ग्राउंडवर पाऊल ठेवतात तेव्हाच तिजोरीत खडखडाट असतो. त्यावर दोन वेळचा व्यायाम चढतो. घरातलं ताट मात्र व्यायामाच्या आधी होतं तेवढंच राहतं.

"हे लिहू नका"

अकॅडमीचे सर माजी सैनिक. पोरींशी कडक, पण त्यांच्या फीसाठी घरोघरी तडजोडी करणारे. पाळीचा विषय काढल्यावर ते अवघडले. मग म्हणाले, "मॅडम, हे लिहू नका. धावल्याने पाळी बंद होते असं छापून आलं की आयाबाया पोरींना पाठवायच्या बंद होतील. एकेकीला घराबाहेर काढायला मला किती हातापाया पडावं लागलंय, तुम्हाला सांगून पटायचं नाही."

त्यांची भीती खोटी नाही. बायकांच्या शरीराचं निमित्त करून त्यांना मैदानाबाहेर काढण्याचा इतिहास जुना आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी पहिल्यांदा आठशे मीटरची शर्यत झाली. धावणाऱ्या शेवटी दमून पडल्या असं सांगत वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि हे अंतर बायकांना झेपत नाही असं ठरवून टाकलं. ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये परत यायला १९६० साल उजाडलं. आज तेच आठशे मीटर आमच्या खेड्यातल्या पोरीला पोलिसाची वर्दी मिळवून देतं. तेव्हा 'बाईने धावू नये' या निष्कर्षाला इथे तिळमात्र जागा नाही.

आणि शास्त्रही तसं म्हणत नाही. लाउक्स यांनी १९९८ सालीच दाखवलं होतं की व्यायामाचा ताण पाळीच्या संप्रेरकांना बिघडवत नाही. व्यायाम भरपूर आणि खाणंही त्या प्रमाणात भरपूर असेल, तर ठेका जागेवर राहतो. बिघाड होतो तो अन्नाच्या तुटवड्याने. त्याहून ठसठशीत पुरावा २००१ साली अमेरिकेतल्याच एका प्रयोगातून आला. माकडिणींना ट्रेडमिलवर रोज धावायला शिकवलं. खाणं पूर्वीइतकंच ठेवलं, धावणं हळूहळू वाढवत नेलं. काही महिन्यांनी त्यांची पाळी थांबली. मग त्यांतल्या काही जणींना जास्त खायला दिलं आणि धावणं तेवढंच चालू ठेवलं. पाळी परत आली. धावणं एका पावलानेही कमी केलेलं नव्हतं.

सरांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ ग्राउंडकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे आपण पोरींकडून काम घेतोय, पण खायला घालत नाही."

ज्या मातीत ते हे बोलत होते, तिथे खुराक ही गोष्ट कुणाला शिकवायची गरज नाही. सांगली-कोल्हापूरच्या तालमीत पोरगा कुस्तीला घातला की घर त्याच्यासाठी दुभती म्हैस बांधतं. बदाम भिजतात, तूप कढतं, थंडाई घोटली जाते. पोराला खुराक नसेल तर वस्ताद त्याला आखाड्यात उतरवत नाहीत. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, पैसा नसला तरी त्याची तजवीज केली जाते. ते ज्ञान पोरींच्या धावपट्टीपर्यंत पोचलेलं नाही. तिने बारीक असावं, हलकं असावं, टायमिंग त्यानेच सुधारतं, अशी समजूत आहे. थोडे दिवस ती खरीही वाटते. वजन उतरतं तेव्हा सुरुवातीला सेकंद कमी होतात, आणि मग एक दिवस नडगी दुखायला लागते.

हाडांचं काय होतं

इस्ट्रोजेनचं काम पाळीपुरतं नसतं. हाड ही सतत मोडून नव्याने बांधली जाणारी गोष्ट आहे, आणि त्यातल्या मोडण्याला इस्ट्रोजेन लगाम घालतं. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन घसरलं. इस्ट्रोजेन घसरलं की लगाम सुटतो. बाईच्या हाडांची भरती होते ती मुख्यतः किशोरवयात आणि विशीच्या आतबाहेर. त्यापुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च करायचा असतो. नेमक्या याच वर्षांत पोरगी भरतीची तयारी करत असते.

१९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या खेळाडू मुलींच्या मणक्यांची घनता मोजली. त्यांचं सरासरी वय पंचविशीचं होतं आणि मणके होते एक्कावन्न वर्षांच्या बाईचे. व्यायामाने हाडं मजबूत होतात हे खरंच आहे, पण इस्ट्रोजेनची साथ सुटली की व्यायाम एकटा पुरा पडत नाही. पाळी परत आल्यावर हाडं सुधारतात, मात्र गेलेलं सगळं भरून येईलच असं नाही. म्हणून इथे वेळ महत्त्वाची आहे.

अकॅडमीतल्या एका पोरीची नडगी तीन आठवडे दुखत होती. गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून ती धावत राहिली. वारंवार ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर, जिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयवर दिसते. शेवटी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं तेव्हा निदान झालं. भरतीची ती खेप हुकली. तिची पाळीही अनियमित होती, पण नडगी आणि पाळी यांचा काही संबंध असेल असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

कमी खाणं, पाळीचा बिघाड आणि हाडांची झीज या तिघांची सांगड वैद्यकशास्त्राने १९९२ साली घातली आणि तिला 'फीमेल ॲथलीट ट्रायड' असं नाव दिलं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने चौकट रुंदावली. अन्नाचा तुटवडा पाळी आणि हाडांवर थांबत नाही, तो चयापचय, प्रतिकारशक्ती, हृदय, मन, सगळीकडे पोचतो आणि पुरुष खेळाडूंनाही गाठतो, हे त्यांनी मान्य केलं. त्या स्थितीला आता 'रेड-एस' म्हणतात. सतत थंडी वाजणं, केस गळणं, पोट साफ न होणं, जखम भरायला वेळ लागणं, चिडचिड, झोप न लागणं. पोरी या तक्रारी वेगवेगळ्या सांगतात, तेव्हा त्या किरकोळ वाटतात. एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट दिसतं.

पुण्यातली ओपीडी

हा फक्त गरिबीचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर पुण्यातल्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत बसून बघावं. मी बसले होते. तिथे आलेली एक बाई एकतीस वर्षांची, आयटीत नोकरी, अर्धमॅरेथॉनची तयारी. सकाळी उपाशीपोटी दहा किलोमीटर, दुपारी बाराला पहिलं जेवण, संध्याकाळी सातनंतर काही नाही. भात सोडलेला, साखर सोडलेली, तूप सोडलेलं. फोनमधल्या ॲपमध्ये रोजच्या कॅलरी लिहिलेल्या. पाळी सात महिने नाही. घरात सगळं होतं आणि ताटात काही नव्हतं.

तिला आधी एका ठिकाणी 'पीसीओएस आहे, वजन कमी करा' असं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "ही गफलत मी वारंवार बघते. सोनोग्राफीत बीजकोशात खूप पुटकुळ्या दिसल्या की लगेच पीसीओएसचा शिक्का बसतो. पण मेंदूने पाळी थांबवलेल्या मुलींच्या बीजकोशातही अशा पुटकुळ्या दिसू शकतात. फरक कळतो तो बोलण्यातून आणि रक्ताच्या तपासणीतून. काय खातेस, किती पळतेस, वजन कधीपासून उतरलं, हे विचारायलाच हवं. नाहीतर जिला जास्त खायला सांगायचं, तिलाच आपण कमी खायला सांगून बसतो."

पाळी थांबली की पहिली तपासणी गर्भारपणाची करायची, बाई काहीही सांगत असली तरी. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एलएच, एफएसएच, इस्ट्रोजेन. हे सगळं बाद झालं आणि खाण्या-धावण्याची हकीकत जुळली, की निदान पक्कं होतं. वजन फार कमी नसलं तरी हे होऊ शकतं, कारण प्रश्न काट्यावरच्या आकड्याचा कमी आणि रोजच्या तुटीचा जास्त असतो. पाळी सहा महिने किंवा त्याहून अधिक थांबली असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करून घ्यावी लागते.

आणि मग प्रश्न येतो गोळ्यांचा. आपल्याकडे गणपती-गौरीला पाळी पुढे ढकलायची गोळी औषधाच्या दुकानातून सर्रास आणली जाते, तशीच पाळी 'आणायची' गोळीही. गर्भनिरोधक गोळ्या दिल्या की दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टरांनी इथे फार स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो रक्तस्राव गोळीचा असतो, शरीराची पाळी परत आलेली नसते. मूळ तूट तशीच राहते आणि खूण मात्र झाकली जाते. एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, निव्वळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडं वाचवण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत असं म्हटलं आहे. पहिला उपाय खाणं वाढवणं, व्यायाम आटोक्यात आणणं, ताण हलका करणं. त्याने महिनोन्‌महिने फरक पडला नाही, तरच त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पट्टीचा काही काळ विचार होतो, तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नये. बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, त्यामुळे शरीर पूर्वपदावर येत असताना पहिली पाळी दिसण्याआधीही दिवस राहू शकतात.

त्या बाईला ताटातल्या बदलाबरोबर समुपदेशकाकडेही पाठवलं. खाण्याची भीती बसली असेल तर नुसतं 'खा' म्हणून भागत नाही. आपल्याकडे याला नखरे म्हणतात. ते नखरे नसतात, तो आजार असू शकतो.

वजनाच्या काट्यावर

खेळात वजनाचं दडपण किती असतं, हे ऑगस्ट २०२४मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगट फक्त शंभर ग्रॅमने बाद झाली. त्याच स्पर्धेत मीराबाई चानू भारोत्तोलनात चौथी आली आणि आपल्या पाळीचा तो तिसरा दिवस होता असं तिने उघडपणे सांगितलं. त्याआधी, २०१९मध्ये, अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने वजन उतरवण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, हे जगजाहीर केलं. या बोलण्याने वाट मोकळी होते. सगळ्यांत वरच्या पायरीवरच्या बायका बोलल्या, तर तालुक्याच्या ग्राउंडवरच्या पोरीला तोंड उघडायला थोडं बळ मिळतं.

महाराष्ट्रात मुलींची कुस्ती वाढते आहे. मार्च २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. गट वजनाचे, म्हणून स्पर्धेआधी वजन उतरवणं आलंच. कोल्हापूरजवळच्या एका मुलींच्या तालमीत मी वस्ताद आणि त्यांच्या पत्नी या दोघांशी बोलले. बाई मेस सांभाळतात. त्या म्हणाल्या, "पोरींनी स्पर्धेआधी जेवण टाकलेलं मला चालत नाही. गट बदला म्हणते मी ह्यांना. पोरगी बदलू नका." त्यांच्याकडे प्रत्येक पोरीची पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणेने लिहिलेली असते. खूण दोन महिने दिसली नाही की त्या पोरीला स्वयंपाकघरात बोलावतात, जवळ बसवून विचारतात, तिच्या ताटात तूप-दूध वाढवतात, आणि तिसरा महिना गेला की डॉक्टरकडे नेतात. यासाठी कुठलीही योजना नाही, अनुदान नाही. एक बाई लक्ष ठेवते, एवढंच.

काय करता येतं

माणदेशातल्या त्या मुलीच्या ताटाचा हिशेब आहारतज्ज्ञांनी पुढेही मांडला होता. तिला रोज साधारण ७५० कॅलरी जास्त हव्यात. ऐकायला आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो असा भरून निघतो: ग्राउंडवरून आल्या आल्या मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. दुपारी एक भाकरी जास्त, वर चमचाभर तूप. रात्री झोपताना पेलाभर दूध. जोडीला रोज एक अंडं किंवा वाटीभर उसळ, म्हणजे प्रथिनांचीही सोय होते. यात परदेशी पावडर नाही, महागडा डबा नाही. सगळं त्याच घरात, त्याच गावात मिळतं. डेअरीला जाणाऱ्या दुधातला एक पेला घरी ठेवायचा, एवढा निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो. सोबत आठवड्यातून एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, आणि उपासाच्या दिवशी ग्राउंड नाही. किंवा ग्राउंडच्या दिवशी उपास नाही.

सरांना हे पटलं. पोरींची उंची, वजन, टायमिंग यांची त्यांची जी वही आहे, ती त्यांनी एका माजी विद्यार्थिनीकडे सोपवली. आज ती पोलीस शिपाई आहे. तिने पाळीच्या तारखेचा रकाना स्वतःच्या हाताने आखला. सर त्यात डोकावत नाहीत, ती बघते. आयांची एक बैठक अकॅडमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. एका आईने विचारलं, "म्हणजे माझ्या पोरीला काही रोग नाही ना?" तिला सांगितलं गेलं की पोरीला भूक आहे, आणि ती भूक वेळेवर भागवली तर पाळी परत येते.

परत यायला वेळ लागतो. आधी वजन सावरतं, अंगात ऊब येते, झोप लागते, आणि मग काही महिन्यांनी पाळी. कुणाला वर्षही लागतं. तोवर धीर धरावा लागतो आणि खाणं सोडून चालत नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीची पाळी हा लेख छापायला देईपर्यंत आलेली नाही. वजन मात्र ४७ किलोवर गेलं आहे, आणि आठशे मीटरचं टायमिंग बिघडलेलं नाही.

हा अंक वाचणाऱ्यांच्या घरात, शेजारात, शाळेत धावणारी, नाचणारी, कुस्ती खेळणारी, जिममध्ये घाम गाळणारी मुलगी असेल. तिला टायमिंग विचारता, तसंच पाळीबद्दलही विचारा, आणि विचारताना संशय घेऊ नका. तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर तिला डॉक्टरकडे न्या. तिथे ती किती खाते आणि किती पळते हे आपणहून सांगा. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नका. तिचं धावणं बंद करू नका. आज रात्री वाढताना तिच्या ताटात एक भाकरी जास्त वाढा.